बबनरावांच्या बेसमेंटमधलं हिरवं यंत्र

बबन शेजवळांना मी फारसा ओळखत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. त्यांच्या मुलीने, धम्मप्रियाने, मंडळाच्या अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हणालो होतो. मला लिहायची सवय नाही. "काका, यू वेअर हिज ओन्ली फ्रेंड हिअर," ती म्हणाली. मग मी लिहायला बसलो. इथे कॅनडात, किचनरला आमची घरं एकाच रस्त्यावर, पण त्यांच्या गावाचं नावसुद्धा मला नीट सांगता येणार नाही. मला माहीत आहे ते त्यांचं बेसमेंट आणि तिथलं यंत्र. तेवढंच लिहितो.

बबनराव टूलमेकर होते, यंत्रांचे साचे आणि अवजारं हाताने घडवायचे. कारखान्यात काँप्युटरवर चालणारी मशिन्स आली, पुढे कारखानाच बंद पडला. रिटायर झाल्यावर ते एका रायफल क्लबात जाऊ लागले. आमच्यात त्याची कुजबुज व्हायची. बुद्धवंदना म्हणणारा माणूस हातात बंदूक कशी धरतो, असं एकाने तोंडावर विचारलं. बबनराव म्हणाले, "मी कागदावर मारतो. कागदाला आई नसते."

उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी नळ्या घरी आणून ते पुन्हा भरत. त्यासाठीचं हातदांड्याचं प्रेस त्यांनी, एल्मायरा गावाजवळ एका शेतकऱ्याने घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं, तिथून उचललं. बिडाचं, आमच्या लहानपणीच्या काळातलं, हिरवा रंग कडांना उडालेला. दांड्याच्या टोकाला लाकडी गोळा होता. तो कुणा अनोळखी माणसाच्या तळव्याने झिजून गुळगुळीत झालेला. नव्या यंत्रात एका ओढीत चार कामं होतात, असं ते सांगत. यात एका ओढीत एकच. "हे घाई करू देत नाही, आणि नळी वाकडी बसली तर हाताला आधी कळतं," ते म्हणायचे. मी बाजूला स्टुलावर बसायचो. दांडा खाली येताना होणारा तो जड, तेलकट आवाज मला आवडायचा आणि त्याची भीतीही वाटायची. का, ते सांगता येत नाही.

त्यांचे नियम कडक होते. नळीत बंदुकीची दारू भरताना बोलायचं नाही. भरून झालं की टॉर्च धरून प्रत्येक नळीत डोकवायचं, पातळी सारखी आहे ना ते बघायचं. एखादीत दोनदा दारू पडली तर उडवणाऱ्याच्या तोंडाशी रायफल फुटते. आणि सगळ्यात मोठा नियम, आपण भरलेलं काडतूस दुसऱ्याला द्यायचं नाही. क्लबात तो पहिल्याच दिवशी सांगतात.

पण घरात नियम दुसरा होता, तो कमलाबाईंचा, त्यांच्या बायकोचा. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही. कमलाबाई गेल्या तरी बबनरावांनी तो सोडला नाही. माझ्या बायकोने, चित्राने, भाजी पाठवली की तिच्या डब्यातून टोमॅटो यायचे, नाहीतर अक्रोड. एकदा घरात काही नव्हतं म्हणून मूठभर साखर आली.

क्लबात लॉइड नावाचा एक म्हातारा त्यांचा दोस्त होता. दोघांच्या रायफली एकाच मापाच्या. गेल्या उन्हाळ्यात लॉइडने त्यांना काडतुसं ठेवायचा आपला प्लास्टिकचा डबा वापरायला दिला होता. सप्टेंबरात बबनरावांनी तो परत केला. भरून. लॉइड खूश झाला, या सीझनला हरणाच्या शिकारीला हेच नेतो म्हणाला. हे बबनरावांनी मला हसत सांगितलं होतं. मीही हसलो होतो.

त्यांच्या डोळ्यांचं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. चहा ओतताना कपाच्या कडेला बोट लावायचे, ते मी सवय समजायचो. धम्मप्रियाने मात्र ती राहते त्या मार्कहॅमहून येऊन त्यांना हायवेवर गाडी चालवायला बंदी घातली होती.

नोव्हेंबरात एका दुपारी मी खाली बसलो असताना त्यांनी टॉर्च माझ्यापुढे धरला. असं कधी झालं नव्हतं.

"जरा बघता का? सगळ्यांत सारखं दिसतंय?"

मी एकेका नळीत बघत गेलो. मागच्या ओळीत एक जरा जास्त भरलेली वाटली. मला यातलं काही कळत नाही, म्हणून मी भीतभीतच बोललो.

"किती जास्त?"

"बरीच. काठाशी आलीय."

त्यांनी सगळ्या नळ्यांमधली दारू परत ओतून घेतली. मग दांड्यावर हात ठेवला. त्यांनी सांगितलं, की आता नजरेच्या मधोमध काळं दिसतं, कडेचं तेवढं दिसतं.

"लॉइडचा डबा भरला तेव्हा मी एकट्यानेच बघितलं होतं," ते म्हणाले.

त्यांनी तिथूनच फोन लावला. लॉइडने उचलला नाही. सकाळी जाऊन घेऊन येतो, असं ते म्हणाले. लॉइडचं घर पंधरा-वीस मिनिटांवर.

पुढचं मला नंतर कळलं. ते पोचले तेव्हा लॉइड आदल्या दिवशीच उत्तरेला शिकारीच्या कॅम्पवर गेला होता. तिथे फोन लागत नाही, असं त्याच्या बायकोने सांगितलं. डबा नेला का, ते तिला माहीत नव्हतं. बबनराव तसेच हायवेला लागले. बर्फ पडायला लागलं होतं. पॅरी साउंड गावाच्या अलीकडे, रस्ता खडकातून जातो तिथे, त्यांची गाडी सापडली.

लॉइड त्यांच्या अंत्यविधीला आला. त्याने डबा कॅम्पवर नेलाच नव्हता. दुसऱ्याने भरलेलं मी कधीच उडवत नाही, बबनला बरं वाटावं म्हणून तसं म्हणालो, असं तो माझा हात धरून पुन्हा पुन्हा सांगत होता. डबा त्याने दिवाणखान्यातल्या कपाटात ठेवला होता, भेट म्हणून. पुढे क्लबातल्यांनी ती काडतुसं उघडली. एकात दुप्पट दारू निघाली.

यंत्र सध्या माझ्या गॅरेजमध्ये आहे. ते घ्यायला लोकांचे फोन येतात, जुनं आहे म्हणूनच येतात. धम्मप्रिया म्हणते, देऊन टाका. मी अजून कुणाला हो म्हटलेलं नाही.

त्या सकाळी लॉइडकडे निघण्याआधी ते आमच्या दारात थांबले होते. गाडी चालूच होती. मी येतो, मी चालवतो म्हणालो, तर म्हणाले, इथल्या इथे तर जायचंय, तासाभरात आलोच. मग चित्राचा स्टीलचा डबा त्यांनी माझ्या हातात दिला. हलका लागला.

"डबा रिकामाच आहे हो या वेळी," ते म्हणाले.

"असू द्या, बबनराव. टोपी घाला, वारं आहे."

"घालतो."