काचेच्या कपाटातलं इरलं

मुंबईच्या अजबखान्यात सगळे तलवारींपाशी गर्दी करून होते. तो म्हातारा मात्र कोपऱ्यातल्या एका काचेच्या कपाटासमोर उकिडवा बसला होता. कपाटात इरलं होतं. भातलावणीच्या पावसात डोक्यापाठीवर घेतात ते, बांबूच्या कांबींचं आणि पळसाच्या पानांचं. मी कर्जतचा, इरलं बघायला मला मुंबई गाठायची गरज नव्हती. पण हा एवढं काय बघतोय, म्हणून थांबलो.

तो इरलं बघतच नव्हता. इरल्याखाली सांडलेला पिवळसर भुगा बघत होता.

"कीड लागली, रं," तो पहारेकऱ्याला म्हणाला. "काचेनं कीड थांबत नाय. आमी खालापूरकडं लावणी झाली की चुलीवर टांगतो. धूर खाल्ला की धा वर्सं मरण नाय त्याला."

पहारेकऱ्याने त्याला पुढे व्हायला सांगितलं. म्हातारा उठला, धोतर झटकलं आणि तलवारींकडे ढुंकूनही न बघता जिना उतरला. सांगायचं ते सांगून झालं, असा त्याचा चेहरा होता.

वर्षभराने पाहुण्यांना घेऊन पुन्हा गेलो. इरलं काळपट झालं होतं आणि खाली भुगा नव्हता. पहारेकरी तोच होता. मी त्याच्याकडे बघितलं, तसा तो जवळ आला.

"अजबखान्याचा साहेब महाबळेश्वरला गेला होता, तेव्हा पंधरा दिवस आमच्या खोलीत चुलीवर टांगलं होतं," तो हळूच म्हणाला. "बोलू नका कुठे. साहेबाला वाटतंय, विलायती औषधाने गुण आला."