एका डोळ्याने मारलेला घण

डोळखांबकडच्या कितीतरी विहिरींच्या खडकावर चंदरचा घण पडला आहे. पंचवीस वर्षं तो घण मारी आणि देवजी छिन्नी धरी. एक घाव, छिन्नी जराशी फिरवायची, पुन्हा घाव. गेल्या वर्षी दगडाची कपची उडाली आणि चंदरचा डावा डोळा गेला. जखम भरली तशी तो कामावर गेला. त्या दिवशी सातवाच घाव चार बोटं अलीकडे पडला. देवजीच्या अंगठ्याचं हाड मोडलं.

"डोळ्याबरोबर हातही गेला समज," मुकादम शेखर म्हणाला. "घरी बस आता."

शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी चंदरला समजावलं. दोन डोळ्यांना एकच वस्तू किंचित वेगळी दिसते. त्या फरकावरून मेंदू अंतर ताडतो. आता एकाच डोळ्याचं चित्र पोचतं, तेव्हा मेंदूला सावलीवरून, हालचालीवरून शिकावं लागेल.

"पन्नास वरसं आपोआप व्हत होतं, आता शिकवायचं?" चंदर भडकला.

पण अंगणात त्याने खुंटी ठोकली. रोज चारशे घाव. पहिल्या आठवड्यात शंभरातले तीस चुकले. चुकला की तो स्वतःलाच शिव्या घाली. मग ध्यानात आलं, मान डावी-उजवीकडे हलवली की जवळची खुंटी जास्त सरकते, मागचं कुंपण कमी. त्यावरून अंतराचा अंदाज येतो.

"कोंबडीवानी मान काय हलवता?" बायको गोजर हसली.

"हसतेस काय? दुसरी खुंटी आण गो. ही चेचली."

सहा महिन्यांनी चारशेत एकही चुकेना, तेव्हा तो विहिरीवर गेला. छिन्नी धरायला कोणी पुढे येईना.

"खुंटीला बोटं नसतात रे," एक गडी बोलला.

चंदरचं डोकं तडकलं. पण बोलणं खोटं नव्हतं.

देवजी उठला. त्याचा अंगठा वाकडाच जुळला होता. छिन्नी घेऊन तो खडकावर बसला.

"हात माझा, मी बघन. पण भीत भीत मारलंस तर उठून जाईन. दबकत मारलेला घणच चुकतो."

चंदरने मान डावी-उजवीकडे हलवून छिन्नीचं अंतर ताडलं, घण उचलला, पूर्ण जोरात मारला. वीस झाले. चाळीस झाले. छिन्नी बोटभर आत गेली.

"नशीबवान हायस रे चंदर!" शेखर काठावरून ओरडला.

चंदरने घण टेकवला. "नशीब? सहा महिनं, रोज चारशे! तवा आलास का बघायला?" मग तो देवजीवर खेकसला, "तू काय ऐकत बसलायस? धर नीट."