चौथा सड

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर एक म्हातारबा गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून फेसाळ दूध देतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. तीन सड पिळले की ते उठतात. चौथा रेडकाचा.

दरासाठी आंदोलन पेटलं, शेतकऱ्यांनी दूध रस्त्यावर ओतलं, तेव्हा तुम्हीही ओतलं का, असं मी त्यांना एकदा विचारलं.

"न्हाई वतलं, पावणं. हातच धजला न्हाई. पर डेअरीलाबी घातलं न्हाई. चारी सड रेडकाला सोडलं. आंदोलनातली पोरं मला फितूर म्हणाली."

"मग?"

म्हशीच्या पाठीवर हात फिरवत ते हसले. "रेडकू मातूर पहिल्यांदाच पोटभर प्यालं की!"

दूध पिणं काही मी सोडलं नाही. पण तेव्हापासून अर्धाच पेला मागतो.