वरून ओतलेलं पाणी

"तिले ग्लास देऊ नको बे. तिचा मग मांगं टांगेल हाय."

मालक हे बोलला तेव्हा आम्ही कॉलेजची मुलं त्याच्या कारखान्याच्या पत्र्याखाली उभी होतो. मशीनवर बसणारा किसन स्टीलच्या ग्लासातून सगळ्यांना पाणी देत होता. माझ्यापर्यंत आलेला ग्लास त्याने मागे घेतला. माझा हात पुढेच राहिला. तो मी केव्हा खाली घेतला, आठवत नाही.

मुलांनी माझ्याकडे पाहिलं. लगेच सगळी मशीनकडे बघायला लागली. जणू मशीन आत्ताच तिथे आणून ठेवलं होतं.

हा कारखाना चिखलीबाहेर, बुलढाण्याच्या रस्त्यावर. जुनं प्लास्टिक वितळवून तिथे नवे मग, बादल्या करतात. आमचे रसायनशास्त्राचे सर पुण्याचे. त्यांना या कामाचं फार कौतुक. टाकलेली वस्तू पुन्हा कशी वापरात येते, ते दाखवायला त्यांनी आम्हाला आणलं होतं. पाणी यायच्या थोडं आधी मालकाने आम्हाला समजावून सांगितलं होतं.

"प्लास्टिकले जात नसते, पोरंहो. बादली असो का चप्पल, तापलं का सारं एक. आपण काहीच फेकत नाही."

सर म्हणाले, "वा!" मुलांनी वाक्य उतरवून घेतलं. मीही घेतलं.

मी वर्गात कोणाला सांगितलं नव्हतं, पण त्या कारखान्याची मागची बाजू मला पाठ होती. मागच्या हौदावर माझी माय भंगार धुवायची. ती आणि आमच्या वस्तीतल्या आणखी दोघी. सुट्टीत मीही. फुटक्या बादल्या, झिजलेल्या चपला, तेलाचे कॅन. आणि साऱ्या गावाच्या संडासातले डबे. ते माय सोडा लावून घासायची. तिच्या पदराचा वास घरापर्यंत यायचा. धुतलेला माल वाळला की कटरमध्ये जायचा. कटर त्याचा चुरा करायचं. चुरा मशीनमध्ये वितळायचा, साच्यातून मग बाहेर यायचे. सगळे रंग मिसळले की काळाच रंग निघतो. ते काळे मग चिखलीच्या बाजारातून चांगल्या चांगल्या घरांच्या न्हाणीत जायचे.

कधी साचा पूर्ण भरत नाही. मगाचा कान अर्धाच निघतो, काठ खालीवर होतो. तो फेल माल, पुन्हा कटरमध्ये जातो. त्यातलेच काही मालकाने आमच्यासाठी बाजूला काढले आणि हौदाजवळच्या कडुनिंबाला तारेने टांगले. माठाला आम्ही हात लावायचा नाही. किसन वरून पाणी ओतणार, आम्ही खाली मग धरणार.

एकदा मायचा मग फुटला. मी तो उचलून भंगाराच्या ढिगावर टाकला. मला वाटलं, प्लास्टिकच तर आहे. किसन ओरडत आला.

"काऊन टाकला वं तिथं? सारा माल बाटवशीन!"

त्याने काडीने तो मग बाहेर ओढला आणि नाल्यात ढकलला.

मला तेव्हा राग आला नाही. भीती वाटली. आपल्या हातून मोठं नुकसान होता होता वाचलं, असं वाटलं. संडासातला डबा चालत होता आणि आमच्या ओठाला लागलेला मग चालत नव्हता, हे समोर होतं, तरी दिसलं नव्हतं. ते मला त्या दिवशी दिसलं. पत्र्याखाली. वहीत मालकाचं वाक्य आणि हात रिकामा.

सर जवळ आले. हळूच म्हणाले, "अगं, मनावर घेऊ नकोस. मागे जाऊन पिऊन ये पाणी. आपल्याला उशीर होतोय."

मालक हसला. "तिले राग नाही येत, सर. सुट्टीत आपल्याच हौदावर असते न ते."

मागून कोणीतरी हसलं. मी वळून पाहिलं नाही.

मी मागे गेले. सगळ्यांना वाटलं, पाणी प्यायलाच गेली. मायने हौदातून मान वर केली. "तू इथं काऊन आली? पोरायसंग राह्य न."

मी तारेवरचे सगळे मग काढले. माझाही. कटर धडधडत होतं. मी एकेक मग त्याच्या तोंडात टाकत गेले. किसन धावत आला, पण चालू कटरमध्ये हात कोण घालणार? काळा चुरा खालच्या फेल मालाच्या काळ्या चुऱ्यात पडला.

"बंद कर बे! बंद कर ते!" मालक ओरडला.

कटर थांबलं. सगळे भोवती जमले. मालक ढिगाकडे बघत राहिला. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"तुमीच म्हणलं न, तापलं का सारं एक. आता आमचे मग निवडून दाखवा."

माय ओल्या हातांनी पुढे आली. "मालक, लेकरू हाय. चुकलं तिचं."

"नाही चुकलं, माय," मी म्हणाले.

मालकाने मायला तिथल्या तिथे कामावरून काढलं. सर म्हणाले, "हे बरं नाही केलंस." त्याला नाही. मला.

तो ढीग मात्र मालकाने फेकला नाही. मशीनमध्ये घातला, मग काढले, बाजारात विकले. कोणाला बोलला नाही. त्याचा विटाळ तेवढाच होता. आमच्या तोंडापुरता. स्वतःचा माल बुडायची वेळ आली की नाहीसा होणारा.

माय माझ्याशी बोलेनाशी झाली. भाकर पुढे ठेवायची आणि तोंड फिरवायची. असेच दिवस गेले. एका सकाळी किसन वस्तीत आला. आमच्या दारापासून लांब उभा राहिला.

"मालकानं बलावलं हाय. डबे साचले. त्या दोघीबी येत नाहीत. दुसरं कोणी हात लावत नाही."

माय चुलीपुढून उठली. "मालक पाणी कायच्यात देईन?"

किसन खाली बघायला लागला. "नवे मग टांगले हायेत."

"तं डबे त्यालेच धू म्हणा."

तिने दार लावलं. माझ्याकडे बघितलं नाही. ती आता लोकांच्या शेतात तण निंदायला जाते. तिथेही पाणी वरूनच ओततात. म्हणून ती घरून आपली पाण्याची गडवी भरून नेते. उन्हात पाणी तापतं. तसंच पिते.

आमच्या कॉलेजात एक माठ आहे आणि त्यावर एक ग्लास. कारखान्यातल्या त्या दिवसानंतर काही मुलं घरून पाणी आणू लागली. का, ते कोणी सांगत नाही. मी विचारत नाही. मी रोज सगळ्यांसमोर माठापाशी जाते. माझ्या हाताने झाकण काढते, ग्लास बुडवते, तोंडाला लावून पिते. तहान नसली तरी पिते. कोणाला आवडो, न आवडो, शेवटच्या वर्षापर्यंत पिणार आहे. आणि ज्या दिवशी त्या माठावर माझ्यासाठी दुसरा ग्लास ठेवलेला दिसेल, त्या दिवशी तो माठ फुटेल. माझ्याच हातून. सरांच्या देखत.