रेड डॉट, स्कोप आणि शेजारचं टार्गेट

मी दर शनिवारी सकाळी रायफल चालवायला जातो, असं सांगितलं की पुण्याचे नातेवाईक माझ्याकडे आदराने बघतात आणि मग खात्री करून घ्यायला बायकोकडे वळतात. ती शांतपणे सांगते, "जातात. लागत नाही, पण जातात."

तीही येते. किंबहुना तिच्यामुळेच मी जायला लागलो. कॉलेजात असताना ती एनसीसीत होती, तिथे तिने रायफल चालवली होती आणि एका मोठ्या नेमबाजी शिबिरासाठी तिची निवडही झाली होती. नेमकं त्याच आठवड्यात तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं. शिबिर राहिलं, रुखवत मांडून झाला. ही गोष्ट तिने आमच्या पंचवीस वर्षांच्या संसारात मला दोनदाच सांगितली, म्हणजे ती फार लागलेली असणार. क्षुल्लक गोष्टी ती रोज सांगते.

सिंगापुरात बंदूक घरी आणणं सोडाच, तसा विचार घेऊन लिफ्टमध्ये शिरतानाही मी आजूबाजूला बघतो. रायफली क्लबच्या कुलुपात राहतात, गोळ्या मोजून मिळतात आणि मोजून परत घेतात. तेव्हा खंडेनवमीला आमच्या बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये शस्त्रपूजेचा प्रश्न उभा राहतो. गेल्या वर्षी बायकोने पाटावर कानांवर घालायचे दोघांचे इअरमफ मांडले, क्लबची दोन कार्डं ठेवली, झेंडूची फुलं वाहिली. शेवटी माझी चष्म्याची डबी आणून मधोमध ठेवली आणि तिला हळदकुंकू लावलं.

"हे काय?" मी विचारलं.

"तुमचं खरं शस्त्र. वापरत नाही तुम्ही, पण पूजा तरी होऊ दे."

हा टोमणा होता. रेंजवर मी चष्मा लावत नाही. दूरचं मला दिसतं, असं माझं मत आहे. शिवाय चष्मा लावलेला नेमबाज पोस्टाच्या खिडकीतल्या माणसासारखा दिसतो.

पूजेनंतरच्या रविवारी क्लबात निवड होती. दुसऱ्या एका क्लबविरुद्ध सामना ठरला होता, पाचांचा संघ. चार जण आधीच ठरलेले. उरलेल्या एका जागेसाठी आम्ही तिघं: बायको, मी आणि पुंगोलला राहणारा एक तरुण, ज्याचा हात माझ्या हातापेक्षा पुष्कळ कमी हलतो. प्रत्येकाने पाच-पाच गोळ्यांच्या दोन फेऱ्या मारायच्या. रायफलीवर नेम धरायला काय बसवायचं ते ज्याने त्याने आदल्या दिवशी सांगायचं, कारण क्लबच्या कपाटात दोनच प्रकार होते: रेड डॉट आणि स्कोप.

रेड डॉट म्हणजे आगपेटीएवढी काच, तिच्यात एक लाल ठिपका तरंगतो. ठिपका टार्गेटवर न्यायचा आणि चाप ओढायचा. मोठं काही दिसत नाही, पण दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात. स्कोप म्हणजे लांब नळी. तिच्यावरचं कडं फिरवलं की टार्गेट तिपटीपासून नऊपटीपर्यंत मोठं होत जातं.

मला आधी रेड डॉट हवा होता. त्यात एक रुबाब आहे. शनिवारी मी तो रायफलीवर चढवला, गाल टेकवला, आणि मला जे दिसलं त्याला ठिपका म्हणता येणार नाही. एक लाल स्वल्पविराम होता, त्याला दोन पिल्लं झाली होती आणि एक शेपटी.

मी लगेच रेंज ऑफिसरला हाक मारली. हे निवृत्त चिनी गृहस्थ, आम्ही सगळे त्यांना अंकल म्हणतो. "अंकल, हा बिघडलाय," मी इंग्रजीत म्हणालो.

अंकलनी डोळा लावला. "राउंड," ते म्हणाले.

बायकोने डोळा लावला. "छान गोल आहे की."

"मला द्राक्षांचा घड दिसतोय."

"कारण तुमच्या डोळ्याला सिलिंड्रिकल नंबर आहे. चष्मा लावा, गोल दिसेल."

यावर एखाद्या समजूतदार माणसाने चष्मा लावला असता. मी जाहीर केलं, की अभ्यासाअंती मी स्कोप निवडतो आहे. मग क्लबच्या बाकावर बसून मी बायकोला स्कोपची महती ऐकवली. उद्या तिला काचेत नुसता ठिपका दिसेल आणि मला टार्गेटच्या कागदाचा पोतसुद्धा दिसेल. पुंगोलचा तरुण आदराने ऐकत होता. त्याने आणि बायकोने रेड डॉट सांगितला.

अंकलनी मला एकच सूचना केली. आधी कडं तीनवर ठेव, आपल्या टार्गेटच्या वरचा नंबर बघ, मग मोठं कर. मी मान डोलावली. नाटकात काम करणाऱ्यांना मान डोलावण्याची सवय असते. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीतल्या नाटकांत मी तीस वर्षं तेच करत आलो आहे.

रविवारी चिठ्ठ्या निघाल्या. बायको चार नंबरच्या लेनवर, मी शेजारी पाच नंबरच्या.

पहिल्या फेरीत एक गोष्ट कळली. नऊपट केल्यावर टार्गेट जसं मोठं होतं, तसं आपलं थरथरणंही मोठं होतं. काळं वर्तुळ माझ्या नाडीबरोबर उड्या मारत होतं, आणि सकाळच्या दोन कॉफ्यांपैकी दुसरी नेमकी कुठल्या ठोक्याला चढते आहे तेही मला दिसत होतं. माझे गुण सांगण्यासारखे नव्हते. बायको तरुणापेक्षा एका गुणाने पुढे होती. ती पाणी प्यायली आणि बाटलीचं झाकण तीनदा लावलं, तेव्हा मला कळलं की तिला ती जागा किती हवी आहे.

दुसरी फेरी सुरू झाली. कडं नऊवरच होतं. मी डोळा लावला तर समोर स्वच्छ कागद. श्वास सोडला, चाप ओढला. धक्क्याने चित्र हललं, पुन्हा स्थिरावलं, आणि अगदी मध्याजवळ दोन भोकं दिसली. एका गोळीत दोन भोकं कशी, हा प्रश्न पडायला हवा होता. आनंदात माणूस मोजत नाही. मी दुसरी मारली, तिसरी मारली. मध्याभोवती भोकांचा गुच्छ जमला. एवढं सुंदर मी आयुष्यात काही केलं नव्हतं.

चौथीआधी मी बोट चापावरून काढलं आणि कौतुकाने नुसतं बघत राहिलो. बघता बघता कागदावर एक नवीन भोक उघडलं. मी गोळी झाडली नव्हती.

मी कडं तीनवर आणलं. वर नंबर होता: चार. माझं टार्गेट शेजारी कोरं करकरीत उभं होतं. उरलेल्या दोन गोळ्या मी तिथे मारल्या. कुठे लागल्या ते विचारू नका.

अंकलनी सगळ्यांच्या रायफली रिकाम्या करवल्या आणि कागद काढून आणले. क्लबचा नियम भिंतीवर लावलेला आहे. कागदावर पाचापेक्षा जास्त भोकं असली तर जादा असतील तेवढी वगळायची, आणि वगळताना सगळ्यांत चांगली वगळायची. मात्र शेजाऱ्याने सही होण्याआधी स्वतःहून कबूल केलं, आणि कुठली गोळी कोणाची ते सांगता येत नसलं, तर सगळ्यांत चांगली पाच धरायची.

अंकलनी चार नंबरचा कागद वर धरला आणि पेनच्या टोकाने मोजला. मग पुन्हा मोजला. "मॅडम, फाइव्ह ओन्ली. यू शूट एट."

"मी पाचच मारल्या," बायको इंग्रजीत म्हणाली. मग मराठीत, कोणालाच उद्देशून नाही: "मी पाचच मारल्या हो."

माझा कागद अजून अंकलच्या हातात खाली होता. पुंगोलचा तरुण जवळ सरकला. कालच्या भाषणातला कागदाचा पोत मला शब्दन् शब्द आठवत होता. मी आधी कपाटाकडे बघितलं, छताकडे बघितलं. तिने मात्र कोणाकडे बघितलं नाही. आपल्या हातांकडे बघत होती, जणू त्यांनीच काही केलं असावं.

"अंकल," मी म्हणालो, "त्यातल्या तीन माझ्या."

"युअर लेन फाइव्ह."

"हो. मी पाचवरून चारवर मारल्या. फार मन लावून मारल्या."

"विच वन युअर्स?"

"सांगता येत नाही. त्या वेळी मला सगळ्याच माझ्या वाटत होत्या."

अंकल पहिल्यांदाच हसले. आठातली सगळ्यांत चांगली पाच धरली, सही झाली. जागा बायकोला मिळाली, तीन गुणांनी. तरुणाने तिचं मनापासून अभिनंदन केलं आणि मला विचारलं, की स्कोप दोन लेन पलीकडेही लागतो का.

परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मला वाटलं होतं, ती खूश असेल. ती खिडकीबाहेर बघत होती. क्लेमेंटी स्टेशन गेल्यावर म्हणाली, "माझ्या नुसत्या पाचांवर मिळाली असती का हो जागा?"

"मिळाली असती."

"तुम्हाला काय माहीत? तुम्हाला तर सगळ्याच तुमच्या वाटत होत्या."

घरी आल्यावर तो आठ भोकांचा कागद मी हौसेने फ्रिजवर लावला. आल्या-गेल्याला मी मधलं भोक दाखवून ते माझं असल्याचं सांगायचो. ती विरोध करायची नाही, आणि तेच मला खुपायचं.

सामन्याच्या दिवशी मी प्रेक्षकांत बसलो, रायफलींपासून लांब, चष्मा लावून. निघताना तो तिनेच माझ्या हातात दिला होता. सराव चालू असताना अंकलनी मला बोलावलं आणि तिच्या रिकाम्या रायफलीवरच्या रेड डॉटमधून बघायला लावलं. ठिपका गोल होता. पूर्ण, टवटवीत, बिनशेपटीचा गोल. मी हे कोणाला सांगितलं नाही, पण अंकल "कॅन, हॉर?" म्हणजे 'जमतंय ना?' असं म्हणून निघून गेले, म्हणजे चेहऱ्यावर आलंच असणार.

आमचा संघ थोडक्यात हरला. पाचांत सगळ्यांत जास्त गुण तिचे होते.

घरी आल्यावर तिने चपला काढायच्या आधी पर्समधून आपला शेवटच्या फेरीचा कागद काढला आणि फ्रिजवर आठवाल्याच्या शेजारी लावला. कडा नीट जुळवल्या, चुंबक दाबून बसवलं.

"मोजा," ती म्हणाली.

"दिसतंय की."

"चष्मा लावून मोजा."

मी चष्मा लावला आणि बोट ठेवत मोजलं. सगळी मध्याजवळ, एकमेकांना खेटून.

"पाच."

"कोणाच्या?"

"तुझ्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

मग तिने चपला काढल्या आणि कॉफी टाकली, माझ्यासाठी दोनाऐवजी एकच कप.