कोचसरांबद्दल मावशींची तक्रार

आमच्या क्लबाचे कपडे मावशी धुतात. वीस वर्षांत त्यांनी एकही सामना पूर्ण पाहिलेला नाही. त्यांना फुटबॉल कळतो तो डागांवरून. कोपरावर हिरवा डाग म्हणजे गोलकीपरला काम लागलं. कुठेच डाग नाही म्हणजे आमचा कर्णधार.

अकरा वर्षं टिकलेल्या कोचसरांना क्लबाने मार्चमध्ये नारळ दिला. त्यांचा फोटो कॉरिडॉरच्या मानाच्या भिंतीवर लावायचा की नाही, हे ठरवायला समिती बसली. टिपणं घ्यायला मी, क्लबाचा कारकून. सर दिवसाआड मला फोन करायचे. हवापाण्याचं बोलून झालं की म्हणायचे, "आणि ते फोटोचं काय? सहज विचारतो." सहज! अकरा वर्षांत हा माणूस सहज हसलाही नव्हता.

आकडे सरांच्या बाजूने नव्हते. एक करंडक, दोनदा खालच्या गटात घसरण. औपचारिकता म्हणून अध्यक्षांनी जुन्या माणसांना बोलवायचं ठरवलं. जुनं माणूस एकच उरलं होतं. मावशी टॉवेलला हात पुसत आल्या आणि उभ्याउभ्याच सुरू झाल्या.

"त्या माणसाने माझ्या कमरेचं वाटोळं केलं. बदली धरून खेळतात चौदा, चौघे नुसते बाकावर. त्यांचे शर्ट कोरे, मग धुवायचे कशाला? पण नाही! लोक घरी गेले की हे त्या चौघांना अर्धा तास चिखलात खेळवायचे. कोरा शर्ट परत द्यायचा नाही म्हणे."

"म्हणजे तक्रार," अध्यक्ष मला म्हणाले. "लिहून घ्या."

मी निमूट लिहून घेतलं, याची मला आजही लाज वाटते. फोटो नामंजूर झाला. सरांना मीच कळवलं. ते "बरं" म्हणाले आणि मग पुन्हा हवापाण्याचं विचारू लागले.

नव्या कोचच्या पहिल्याच सामन्यानंतर बाकावरच्या चौघांनी आपले कोरे शर्ट मावशींच्या टोपलीत टाकले. मावशींनी ते उचलून परत त्यांच्या हातात दिले.

"आम्ही खेळलोच नाही, मावशी."

"मग आता खेळा. घरी आईने विचारलं तर काय सांगाल, बसलो होतो?"

चौघांनी नव्या कोचकडे पाहिलं. कोचनी मावशींकडे पाहिलं आणि वाकून स्वतःच्या बुटाची नाडी बांधायला घेतली. ती आधीच बांधलेली होती.

चौघे मैदानात उतरले. मावशी पायरीवर बसून ओरडत होत्या, "अर्धा तास! त्याच्या आधी कोणी आत यायचं नाही!" मी खिडकीतून बघत होतो. सरांना फोन लावला आणि त्यांनी उचलताच खिडकीबाहेर धरला.

थोड्या वेळाने कानाला लावला.

"किती जण आहेत?" सरांनी विचारलं.

"चौघे."

"चौघेही?"

"चौघेही, सर."

अर्धा तास होईपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही.