हुकरच्या जर्सीची डावी शिवण

संघाचं बलस्थान कोणतं आणि कच्चा दुवा कोणता, हे सांगण्याचा पगार मला मिळतो. राष्ट्रीय रग्बी संघाचा मी आकडेमास्तर. कुणी किती वेळा चेंडू झेलला, कुणाच्या हातून किती निसटला, कोण कितव्या मिनिटाला धापा टाकायला लागतो, हे सगळं मी चित्रफिती पुढे-मागे करून मोजतो आणि सामन्याच्या दोन दिवस आधी प्रशिक्षकांपुढे मांडतो. अशा माणसाच्या अहवालाला एखादी शिवणकाम करणारी बाई सुरुंग लावते, तेव्हा त्याला राग येणारच. मला आला. अजूनही पुरता गेलेला नाही.

त्या बाईंना आम्ही सगळे वहिनी म्हणतो. खऱ्या त्या एकाच्याच वहिनी, आमच्या तीन नंबरच्या प्रॉपच्या, म्हणजे पहिल्या रांगेत रेटणाऱ्या गड्याच्या. हा गडी एकशे एकवीस किलोचा. दारातून आत येताना दार लहान वाटतं, म्हणून त्याचं नाव पडलं कपाट. वहिनी लग्न होऊन घरात आल्या तेव्हा कपाट नऊ वर्षांचं होतं आणि आईविना होतं. भाऊजी-बिऊजी म्हणायच्या भानगडीत त्या पडल्याच नाहीत. "अरे ए" म्हणून हाक मारली, न्हाऊ-माखू घातलं, शाळेत सोडलं. त्याची खेळायची पहिली चड्डी त्यांनी जुन्या पडद्याच्या कापडातून शिवली होती आणि ती फाटली नाही, पोरगंच तिच्याबाहेर वाढलं, असं त्या सांगतात.

बाविसाव्या वर्षी तो राष्ट्रीय संघात आला. पहिल्याच सामन्यात जर्सी फाडून घेतली. वहिनी तेव्हा शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात होत्या. त्यांनी ती घरी अशी सांधली, की व्यवस्थापकांनी दुसऱ्या दिवशी उरलेल्या चौदा पाठवून दिल्या. तेव्हापासून बारा वर्षं प्रेक्षागृहाच्या पायऱ्यांखालची एक खोली त्यांची आहे. एक मशीन, एक लांब टेबल, आणि छताला लागून एक खिडकी, जिच्यातून बाहेरच्यांचे फक्त बूट दिसतात.

वहिनी सामना बघत नाहीत. दिराला कुणी आपटतंय हे त्यांना बघवत नाही. सामन्यानंतर धुऊन आलेल्या जर्स्या मात्र त्या डोळ्यांत तेल घालून बघतात. कुणाची कॉलर ताणली, कुणाची बाही खांद्यापासून सुटली, कुणाच्या पाठीवर बोटांनी भोकं पाडली. "तुमच्या अकरा नंबरला हल्ली मागून धरतात बरं का, पळणं कमी झालंय त्याचं," असं काहीतरी त्या सहज बोलून जायच्या आणि मी हसण्यावारी न्यायचो. माझ्याकडे आकडे होते ना.

आता स्क्रम म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच अडलं. दोन्हीकडचे आठ-आठ जण खाली वाकून, डोक्यात डोकी घालून एकमेकांना रेटतात. पहिल्या रांगेत तिघं. मधल्याला हुकर म्हणतात. त्याचे दोन्ही हात शेजारच्यांच्या खांद्यांवर, म्हणजे तो जवळजवळ टांगलेलाच असतो. शेजारचे दोघं प्रॉप. ते त्याच्या पाठीवरून हात घालून पलीकडच्या कुशीवरची जर्सी मुठीत आवळतात. ती मूठ सुटली तर मधला माणूस मान पुढे करून जमिनीत जातो, आणि मागून पाच-सहाशे किलो रेटत येतच असतात. आमचा हुकर तुळतुळीत डोक्याचा, गोटा म्हणतात त्याला. त्याची मान म्हणजे कपाटाच्या डाव्या मुठीची जबाबदारी.

त्या आठवड्यात पाहुण्या संघाशी सामना होता. त्यांचा पहिल्या नंबरचा गडी कपाटाच्या बरोबर समोर येणार, आणि त्याने त्या वर्षी दोन प्रॉप इस्पितळात धाडले होते. कपाटाचा हा पन्नासावा राष्ट्रीय सामना. आमच्याकडे पन्नासाव्या सामन्याला खेळाडू सगळ्यांच्या पुढे एकटा मैदानात उतरतो आणि त्याचं नाव मैदानाकडे जाणाऱ्या बोळातल्या भिंतीवर कायमचं कोरतात. बारा वर्षांत फक्त सहा नावं कोरली गेली होती. सातव्यासाठी जागा आखून झाली होती.

बैठकीच्या दिवशी दुपारी वहिनींनी मला खाली बोलावलं. मी घाईत होतो, अहवालावर शेवटचा हात फिरवत होतो.

"मास्तर, ही जर्सी घाला जरा," त्या म्हणाल्या. गोट्याची जर्सी होती.

"मी? वहिनी, माझ्यासारखे दोघं मावतील त्यात."

"घाला म्हणते ना."

घातली. डाव्या कुशीला आतून काहीतरी टोचत होतं. चाचपलं तर जाड कापडाची एक पट्टी, शिवणीत ठेवलेल्या फटीतून चार बोटं अडकतील एवढीच, दुहेरी टीप मारून घट्ट बसवलेली. वहिनी माझ्या उजव्या अंगाला उभ्या राहिल्या, पाठीवरून डावा हात घातला, पट्टीत बोटं अडकवली आणि म्हणाल्या, "आता पडा."

"काय?"

"खाली पडा, एकदम. मी सांगतेय तसं."

गुडघे मोडून मी खाली बसलो आणि त्या माझ्या अंगावरून पुढे कोसळल्या. टेबलाची कड त्यांच्या कपाळापासून वीतभर अंतरावर राहिली. कशीबशी बोटं सोडवून त्या उठल्या. बोटांवर लाल वळ होते.

"मला दुखलं म्हणून मी सोडवली," त्या म्हणाल्या. "ज्याला दुखतच नाही, तो काय सोडवणार? तो पण जाणार आणि गोट्यालाही घेऊन जाणार."

मग सगळं सांगितलं. गेल्या तीन सामन्यांपासून गोट्याच्या जर्सीची डावी शिवण जशीच्या तशी येत होती. एरवी ती दर सामन्याला उसवलेली असायची. बारा वर्षं वहिनींनी ती दर वेळी नव्याने मारली होती. उजवी अजूनही उसवत होती, म्हणजे दुसरा प्रॉप धरत होता, कपाट धरत नव्हता. परवा कपाट स्वतःच खाली आला. नवं कापड निसटतं, आत एक पट्टी लावून द्या, कुणाला सांगू नका, म्हणाला. बोलताना टेबलावर डावा हात टेकून उभा होता. त्याच्या तळव्याखाली टाचणी होती. ती आत गेली, रक्ताचा थेंब आला, आणि त्याचं बोलणं एका अक्षरानंही अडलं नाही.

"आणि तरी तुम्ही पट्टी लावलीत?" मी विचारलं.

"लावली. पन्नासावा आहे हो त्याचा." त्या म्हणाल्या. "रात्रभर स्वतःला सांगत होते की कापडच निसटतं."

त्यांनी माझ्या अंगावरून जर्सी काढून घेतली, कातरीचं टोक घातलं आणि पट्टी उसवून टाकली. एक धागाही इकडचा तिकडे झाला नाही.

मी वर येऊन चित्रफिती लावल्या. माझ्या हिशेबाने गेल्या तीन सामन्यांत आम्ही सत्तावीसपैकी सव्वीस स्क्रम जिंकले होते. आठ कोसळले होते, ते सगळे मी समोरच्यांच्या नावावर टाकले होते, कारण पंचांनी शिट्टी त्यांच्या विरुद्ध वाजवली होती. आता कुणाचं काय न बघता फक्त कपाटाचा डावा हात बघितला. आठही वेळा तो हात आधी घसरला होता. मी आधी गोट्याचा विचार केला की माझ्या अहवालाचा, हे मला विचारू नका.

खाली जाऊन वहिनींना म्हटलं, "बैठकीत मी सांगतो. तुमचं नावसुद्धा येणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

बैठकीला तेवीस खेळाडू, प्रशिक्षक, डॉक्टर आणि पडद्यासमोर मी. पडद्यावर पहिली ओळ माझीच होती, बदलायची राहिलेली: बलस्थान क्रमांक एक, स्क्रम. समोर पहिल्या रांगेत कपाट बसला होता, माझ्याकडे एकटक बघत. शेजारी गोटा शेंगदाणे खात होता.

"हं, मास्तर," प्रशिक्षक म्हणाले. "पाहुण्यांशी कुठे भिडायचं?"

सांगायचं कसं याची चार वाक्यं मी पाठ केली होती. तोंडातून निघालं ते असं, "स्क्रम. स्क्रममध्ये आपण वरचढ आहोत, सर."

कपाटाने श्वास सोडला. मला तो ऐकू आला.

"सर, ते चूक आहे."

दाराशी वहिनी उभ्या होत्या, हातात घडी केलेल्या गोट्याच्या तीन जर्स्या. बारा वर्षांत त्या या खोलीत आल्या नव्हत्या. एकदोघं हसले. मग कपाटाचं तोंड बघून गप्प झाले.

"वहिनी, तुम्ही खाली जा," कपाट म्हणाला.

त्या सरळ टेबलापाशी आल्या. जर्स्या उलट्या करून डावी शिवण वर येईल अशा मांडल्या. "या मी शिवलेल्या नाहीत, सर. शिवायची वेळच आली नाही. माझ्या दिराच्या डाव्या हातात मूठ राहिलेली नाही."

"ती काय डॉक्टर आहे?" कपाट उभा राहिला. खुर्ची मागे पडली. आयुष्यात पहिल्यांदा तो वहिनींना 'ती' म्हणाला असेल. "कापड बघून सांगणार माझा हात कसा आहे ते?"

प्रशिक्षक त्याच्यासमोर गेले आणि आपली दोन बोटं पुढे केली. "धर. डाव्या हातानं."

कपाटाने धरली.

"दाब."

कपाटाच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या, कपाळावर घाम आला होता.

"अरे, दाब ना."

"दाबतोय, सर."

प्रशिक्षकांनी बोटं सहज काढून घेतली. गोटा तोंडातला घास न चावता त्या हाताकडे बघत राहिला.

कपाट खेळला नाही. त्याच्या जागी आलेल्या गड्याने पंच्याहत्तर मिनिटं जीव तोडून रेटलं आणि शेवटच्या स्क्रमला तो मागे सरकला. पंचांनी शिट्टी वाजवली, पाहुण्यांनी तिथूनच दंडाची किक मारून तीन गुण घेतले आणि आम्ही एकोणीस-सोळाने हरलो. प्रेक्षागृहातून कुणीतरी ओरडलं की कपाट असता तर जिंकलो असतो. खरं होतं, कदाचित. गोटा स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आला, जाताना मला एक शिवी दिली. ती मला लागू होती.

सामना संपल्यावर मी खाली गेलो. वहिनींची माफी मागायची होती. त्या मशीनपाशी बसल्या होत्या, हातात काही नव्हतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मागे कपाट येऊन उभा राहिला. मैदानातून नाही, साध्या शर्टात, खांद्यावर कोट टाकून प्रेक्षागृहातून आलेला. मी भिंतीला लागून जागा दिली.

"ये," वहिनी म्हणाल्या. "घाल शिव्या. मनात ठेवू नकोस."

"पन्नासावा गेला म्हणून नाही आलो मी."

"मग?"

"दोन महिने झाले, वहिनी." तो हळू बोलत होता. "दोन महिने मी शर्टाची बटणं बायकोकडून लावून घेतो. तिला शपथ घातलीय. पोरीला डाव्या हातावर घेत नाही, पडली तर म्हणून. तुमच्यासमोर बसून जेवतो रोज, पाण्याचा पेला डावीकडे ठेवलात तर उजव्या हातानं वळून घेतो. रोज वाटायचं, आज विचारतील. आज नक्की विचारतील. आणि गोट्याच्या कपड्यावरून कळलं तुम्हाला. मी समोर होतो की."

वहिनी तोंडाला हात लावून बसून राहिल्या. मला तिथून निघून जायचं होतं, पण दारात तो उभा होता.

"चुकलं रे माझं," त्या म्हणाल्या. "बघायला हवं होतं मी."

"डॉक्टर म्हणतात मानेत काहीतरी दाबलं गेलंय. उद्या यंत्रात घालून बघणार आहेत." एवढा थोरला गडी, पण आवाज पार बारीक झाला होता. "याल माझ्याबरोबर? मला भीती वाटतेय."

वहिनी उठल्या. खुंटीवरचा स्वतःचा कोट चढवला आणि त्याच्या खांद्यावर नुसताच टाकलेला कोट हातात घेतला. त्याचा डावा हात धरून बाहीत घातला, एकेक बटण लावलं, कॉलर नीट केली.

"उद्या कशाला," त्या म्हणाल्या. "आत्ताच जाऊ. आणि वाटेत सगळं सांग मला, पहिल्या दिवसापासून."